वर कांहीं नाहीं

गौरीगणपतींच्या नंतरच्या आठवड्यांत पुण्याचें एक परिचित कुटुंब आमच्याकडे रत्नागिरीस पाहुणें आलें होतें. नवराबायको दोघेंहि सुशिक्षित, वाचनाची आवड असलेलीं. बरोबर नऊदहा वर्षांचा मुलगा. येतांना त्यांनीं एक यादी करून आणली होती. दिवस दोन आणि स्थळें तेरा! टिळकांचें जन्मस्थान, थिबा राजवाडा, थिबा पॉइंट, भगवती किल्ला, दीपगृह, मांडवीची काळी वाळू, पांढरा समुद्र, भाट्याचा किनारा, आरे-वारे, गणपतीपुळें, मालगुंडचें केशवसुत-स्मारक, जयगड, आणि वेळ उरल्यास पावस. प्रत्येक नांवापुढें एक चौकोन काढलेला होता. स्थळ पाहून झालें कीं त्यांत खूण करावयाची. यादीचा मला राग आला नाहीं. परगांवीं गेल्यावर आपण सगळे असेच हिंडतों. मी हंपीस गेलों होतों तेव्हां माझ्याहि खिशांत असाच कागद होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही आरे-वारेहून गणपतीपुळ्याकडे निघालों. रस्ता वळणें घेत वर चढतो. एका बाजूस खालीं समुद्र, आणि दुसऱ्या बाजूस नजर पोंचेल तेथवर पसरलेला सडा. मुलाचें लक्ष त्या बाजूस गेलें. “तिकडे वर काय आहे?” त्यानें विचारलें. आम्हां मोठ्या माणसांपैकीं कोणी तोंड उघडण्यापूर्वींच गाडीवाला म्हणाला, “वर काय नाय. नुस्ता कातळ.” मुलानें मान वळविली, आणि सगळे पुन्हा समुद्राकडे पाहूं लागले. मी गप्प बसलों. तें गप्प बसणें मला अद्याप खुपतें.

भाद्रपदाचे दिवस होते. ज्याला त्यानें ‘नुस्ता कातळ’ म्हटलें तो त्या घटकेस पिवळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांनीं असा झांकला गेला होता कीं कातळ पाहावयाचा तर फुलें बाजूस सारावीं लागलीं असतीं. पण गाडीवाल्याला मी दोष देत नाहीं. तें वाक्य त्याचें नव्हतेंच. तें त्याला आपण शिकविलें आहे. प्रवासाच्या पुस्तकांत तें मौनाच्या रूपानें असतें, महसुलाच्या दप्तरांत ‘पोटखराब’ या शब्दानें असतें, आणि मोठमोठ्या प्रकल्पांच्या कागदपत्रांत ‘खडकाळ व नापीक’ या विशेषणांनीं असतें. माझें म्हणणें असें कीं हीं तिन्ही वाक्यें एकच आहेत. आणि त्यांतील पहिलें, म्हणजे तुमचें माझें, रसिकाचें, सर्वांत अधिक अपराधी आहे. तें नसतें तर उरलेलीं दोन इतक्या निर्धास्तपणें लिहितां आलीं नसतीं.

प्रथम या ‘पॉइंट’ नांवाच्या वस्तूचा विचार करूं. ती आपल्याकडे आली कोठून? सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, १८२७ ते १८३० च्या सुमारास, महाबळेश्वरास गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीं थंड हवेचें ठिकाण वसविण्यांत आलें, आणि तेथील कड्याकड्याला साहेबांचीं नांवें चिकटलीं: एल्फिन्स्टन, लॉडविक, विल्सन, आर्थर. घोड्यावरून किंवा डोलींतून जावें, कड्याशीं उभें राहावें, खालची दरी पाहावी आणि परत फिरावें. त्या दरींत कोण राहतो, तेथें काय पिकतें, उन्हाळ्यांत पाणी कोठून आणतात, हें त्या पाहणाऱ्याला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तो पाहुणा होता आणि पाहुणाच राहणार होता. साहेब गेला, त्याची उभें राहण्याची जागा मात्र आपण जपून ठेवली, आणि पुढें कोंकणच्या किनाऱ्यावर तिचीं कलमें लावलीं. आतां तर प्रत्येक खेड्याच्या वेशीवर ‘सेल्फी पॉइंट’ उभा आहे. साहेब निदान दरीकडे तोंड करून उभा राहत असे. आपण तिच्याकडे पाठ करून उभे राहतों.

आमच्या गांवचा थिबा पॉइंट घ्या. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनीं पदच्युत करून १८८६ सालीं रत्नागिरीस आणून ठेवलें. १९१० सालीं त्याच्यासाठीं राजवाडा बांधून झाला, आणि १९१६ सालीं येथेंच त्याचा अंत झाला. तीस वर्षें ज्याला या समुद्राकडे पाहण्यावांचून दुसरें कांहीं करतां आलें नाहीं, त्या कैद्याच्या नांवानें आपण सूर्यास्त पाहण्याची जागा ठरविली आहे, आणि तींतील क्रौर्य कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं! येणार कसें? पॉइंटवर उभ्या राहिलेल्या माणसानें फक्त समोर पाहावयाचें असतें. आणि रत्नागिरींत समुद्राकडे तोंड केलें कीं सडा पाठीमागेंच राहतो.

जी भूमि आपल्याला आहे तशी दिसत नाहीं तिला आपण दुसऱ्याचें नांव देतों. दापोली हें ‘मिनी महाबळेश्वर’. सबंध कोंकणाचा तर ‘कॅलिफोर्निया’ व्हावयाचा आहे. ही घोषणा ऐकत ऐकत माझे केस पिकले. कॅलिफोर्नियाचें रत्नागिरी करूं असें तिकडे कोणी म्हटल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

सडा म्हणजे काय, हें घाटावरच्या वाचकाला सांगितलें पाहिजे. किनाऱ्यापासून आंत सह्याद्रीच्या पायथ्याकडे जातांना कोंकणांत जे सपाट माथे लागतात ते सडे. ते जांभ्या दगडाचे असतात. ज्या काळ्या पाषाणानें सह्याद्रि घडला आहे, त्याच पाषाणावर लक्षावधि वर्षें ऊनपावसाचा मारा होऊन त्यांतील विरघळणारीं द्रव्यें वाहून गेलीं, आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांचीं गंजलेलीं संयुगें मागें उरलीं. तोच हा तांबडा, भोंकाभोंकांचा दगड. फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत मलबारांतील या दगडाला ‘लॅटराइट’, म्हणजे विटेचा दगड, असें नांव दिलें. कारण खाणींत असतो तोंवर तो हत्यारानें सहज कापतां येतो, आणि हवेवर आला कीं कठीण होतो. आपल्या आज्यापणज्यांना ही गोष्ट बुकॅननची वाट न पाहतां ठाऊक होती. त्यांनीं त्याचे चिरे काढून घरें, देवळें, विहिरी आणि गडगे बांधले.

मे महिन्यांत या सड्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाहीं. गवत जळून गेलेलें, दगड काळवंडलेला, आणि वर टिटवीच्या ओरडण्याखेरीज आवाज नाहीं. पाहुणे येतात ते बहुधा याच महिन्यांत, आंब्यासाठीं. त्यामुळें ‘वर कांहीं नाहीं’ हें वाक्य त्यांना खरें वाटलें तर नवल नाहीं. पण मृगाच्या सरी पडून आठदहा दिवस होतात न होतात तोंच कातळाच्या भेगांतून दिपकाडीचीं पांढरीं फुलें उभीं राहतात. हिच्या शास्त्रीय नांवांतच कोंकण आहे. वनस्पतिशास्त्रानें जिला आमच्या भूमीचें नांव दिलें ती ओळखणारा मनुष्य रत्नागिरीच्या बाजारपेठेंत शोधून काढावा लागेल. पुढें आषाढांत खळग्याखळग्यांत पाणी सांचतें, त्यांत बेडकांचीं पिल्लें वळवळूं लागतात, आणि कातळावर वीतभरहि उंच नसलेलें गवत हिरवें होतें. श्रावणापासून फुलांच्या पाळ्या सुरू होतात: तेरडा, कवला, गेंदाचे पांढरे ठिपके, नभाळी, आणि सीतेचीं आसवें. पंधरा दिवसांपूर्वीं जो तुकडा जांभळा होता तो आज पिवळा दिसतो. हा पालट दोन दिवसांत तेरा स्थळें पाहणाराला दिसणें शक्य नाहीं, आणि एका जागीं उभें राहून तर मुळींच नाहीं. तो पाहण्यासाठीं गुडघे टेकावे लागतात.

गुडघे टेकले म्हणजे काय दिसतें तें सांगतों. या कातळावरची माती बोटभर जाडीची. तींत नत्र जवळजवळ नाहींच, कारण मोसमांत येथें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि असेल नसेल तें धुऊन नेतो. शेतकऱ्याच्या हिशेबानें ही जमीन दरिद्री. या दारिद्र्यावर येथील झाडांनीं काढलेला उपाय पाहा. दवबिंदू नांवाच्या इवल्याशा रोपाच्या पानांवर चिकट थेंब असतात; चिलट त्यांवर बसलें कीं अडकतें, पान त्याच्याभोंवतीं वळतें आणि त्याला पचवितें. सीतेच्या आसवांची तऱ्हा याहून गूढ आहे. वर नखाएवढें निळेंजांभळें फूल, आणि खालीं ओल्या मातींत मोहरीहूनहि बारीक पिशव्या. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडावरील केसाला लागला कीं क्षणार्धांत ती उघडते, त्याला ओढून घेते आणि मिटते. तुमच्या बुटाच्या एका टाचेखालीं अशीं किती यंत्रें चालूं असतील याचा हिशेब करा, आणि मग म्हणा, येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं!

साताऱ्याजवळचें कास पठारहि जांभ्याचेंच. पश्चिम घाटांतील ज्या स्थळांचा २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला त्यांत तेंहि आहे, आणि तेव्हांपासून त्याच्या फुलांसाठीं गाड्यांच्या रांगा लागतात. तेथील कांहीं फुलें वेगळीं, हें खरें. पण कुळें पुष्कळशीं तींच. समुद्रसपाटीपासून हजार-बाराशें मीटरांवर तें फुलांचें पठार, आणि शंभर-दीडशें मीटरांवर तेंच पडीक! निसर्गाच्या सौंदर्यालाहि आपण प्रमाणपत्र पाहून नमस्कार करतों.

फुलांची गोष्ट नाजूक माणसांसाठीं आहे असें ज्यांना वाटेल त्यांनीं पाण्याची ऐकावी. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडणारा पाऊस सगळाच्या सगळा समुद्राला जात नाहीं. त्यांतील बराच दगडांत मुरतो, खालच्या चिकण मातीच्या थरापाशीं अडतो, आणि उतारावर जेथें तो थर उघडा पडतो तेथें झरा होऊन बाहेर येतो. कोंकणांतल्या वाड्या सड्यावर नाहींत, सड्याच्या कुशींत आहेत, तें याच पाण्यासाठीं. वाडींतली विहीर, पोफळीची बाग, देवळापुढची कुंडी, यांचें मूळ वर त्या ‘कांहीं नाहीं’ मध्यें असतें. सडा फोडला किंवा सिमेंटनें झांकला तर पहिल्या वर्षीं कोणाला कांहीं कळत नाहीं. पुढें एखाद्या वैशाखांत खालच्या वाडींतील बाई घागर घेऊन विहिरीवर येते, आणि तळाचा दगड दिसतो.

आणि आतां ती गोष्ट सांगतों, जिच्यापुढें मला माझ्याच अज्ञानाची सर्वांत अधिक लाज वाटते. या सड्यांवर चित्रें आहेत. कातळाच्या सपाट अंगावर खोदून काढलेलीं, हाताएवढ्यापासून घराएवढ्यापर्यंत. गुरें राखणाऱ्या पोरांना तीं पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतीं. गांवकरी तीं पांडवांनीं काढलीं म्हणून सांगत. आम्ही शिकलेले मात्र अजिंठ्याला आणि वेरूळला जाऊन आलों होतों. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं अलीकडच्या दहापंधरा वर्षांत सडेच्या सडे पायीं तुडवून, आणि मुख्यतः गुराख्यांना व म्हाताऱ्यांना विचारून, हीं कातळशिल्पें उजेडांत आणलीं. त्यांची संख्या केव्हांच हजाराच्या पलीकडे गेली आहे. त्यांत हत्ती आहेत, वाघ आहेत, मुशी आणि पाकट आहेत, आणि गेंडाहि आहे, जो आज कोंकणच्या रानांत कोठें दिसणार नाहीं. यांतील जुन्यांत जुन्या चित्रांचा काळ दहा हजार वर्षांच्या पलीकडे जातो असा संशोधकांचा कयास आहे. शेतीपूर्वींच्या माणसाचें हें काम. म्हणूनच कीं काय, त्यांत नांगर नाहीं आणि बैल जुंपलेला नाहीं.

राजापूर तालुक्यांतील कशेळी घ्या. तेथें कनकादित्याचें सुप्रसिद्ध सूर्यमंदिर आहे, आणि समुद्राकडे देवघळी नांवाचा ‘पॉइंट’ आहे. मंदिरांत हात जोडावे, देवघळीवर फोटो काढावा आणि पुढें निघावें, अशी वहिवाट पडली आहे. त्याच गांवच्या सड्यावर सुमारें अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद असा एक हत्ती कातळावर कोरलेला आहे, आणि त्या हत्तीच्या अंगांत इतर कित्येक प्राणी कोरलेले आहेत. उभें राहून तो एका नजरेंत मावत नाहीं. भोंवतीं फिरावें लागतें. देवाचें गोठणें येथील चित्राजवळ होकायंत्राची सुई भलतीकडेच वळते. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला मनुष्य आहे. तो कोण, त्याची त्या वाघांशीं मैत्री आहे कीं झुंज, हें आपल्याला कळत नाहीं. पण हजारों वर्षांपूर्वीं कोणा एकाला हाच कातळ पाहण्यासारखा, आणि इतरांना कांहीं दाखवावें असा, वाटला होता. आपण त्याच्यापेक्षां सुधारलेले!

२०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणांतील हीं कातळशिल्पें नोंदली गेलीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील सात स्थळें त्यांत आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचें गोठणें, शिवाय सिंधुदुर्गांतील कुडोपी आणि गोव्यांतील फणसामळ. हें झालें तें चांगलेंच झालें. पण त्याच २०२२ सालीं बारसू-सोलगांवची जागा तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यासाठीं सुचविली गेली. नाणारची त्यासाठींची भूसंपादनाची अधिसूचना लोकांच्या विरोधामुळें २०१९ सालीं मागें घ्यावी लागली होती. म्हणून हा नवा सडा. एप्रिल २०२३ मध्यें तेथें माती-परीक्षणाचीं यंत्रें आलीं, तेव्हां गांवच्या बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. एका हातानें वारसा म्हणून नांव नोंदवावयाचें आणि दुसऱ्या हातानें पडीक म्हणून तेंच गांव देऊं करावयाचें, यांत मला दुष्टपणापेक्षांहि एक प्रकारचें आंधळेपण दिसतें. दोन्ही कागद लिहिणारांपैकीं किती जण त्या कातळावर गुडघे टेकून बसले असतील?

कारखाना असावा कीं नसावा हा वाद मी येथें घालीत नाहीं. तो घालणारे माझ्याहून जाणते लोक दोन्ही बाजूंस आहेत. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं असल्या प्रत्येक वादांत पहिलें वाक्य ठरलेलें असतें. माडबन-जैतापूरच्या अणुवीज केंद्राच्या वेळीं जमीन खडकाळ आणि नापीक असल्याचेंच सांगण्यांत आलें. सातबाराच्या उताऱ्यांत ‘पोटखराब’ म्हणजे लागवडीस अयोग्य असा रकानाच आहे. त्याखालीं आंकडा पडला कीं त्या जमिनीचें पोट कशानें भरलें आहे हें कोणी विचारीत नाहीं. कोंकणांत याच्या जोडीस ‘वरकस’ हा शब्द आहे. केंद्र सरकारनें तर देशांतल्या ओसाड जमिनींचे नकाशेच प्रसिद्ध केले आहेत, आणि त्यांत उघड्या खडकाला एक स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. शेतसारा गोळा करणाऱ्याच्या दृष्टीनें हे शब्द चुकीचे नव्हते. ज्यावर सारा बसत नाहीं तें खराब. आश्चर्य याचें वाटतें कीं जे कवितेवर बोलतात, ऋतूंवर निबंध लिहितात, त्यांनींहि तलाठ्याचा हा शब्दकोश सौंदर्यशास्त्र म्हणून स्वीकारला.

माझ्यावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला पोटाचा. सड्याखालच्या वाडींतील मनुष्य म्हणेल, ‘तुम्हांला फुलें मोजावयास काय जातें? आमचीं पोरें मुंबईस जातात. चिऱ्यांच्या खाणीनें निदान चार घरें चालतात. हापूसची बाग लावली तर कर्ज फिटतें.’ याला माझ्याजवळ पुरें उत्तर नाहीं, आणि असल्याचा आव मी आणणार नाहीं. मी स्वतः चिऱ्याच्या घरांत राहतों. १९९० सालीं रोजगार हमीच्या जोडीनें फळबागांची योजना आली, तिनें कोंकणांतल्या पुष्कळ घरांत पहिल्यांदा चार पैसे खेळले, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे; सुरुंगानें कातळ फोडून, दुसरीकडची माती आणून त्यांत कलमें जगविणारांच्या कष्टांना मी हंसत नाहीं. परंतु हातानें चिरा काढणाऱ्या पाथरवटाची खाण आणि यंत्राच्या चक्रानें एका मोसमांत अख्खा माथा कापून नेणारी खाण, या दोहोंना एकच नांव असलें तरी त्या एक गोष्ट नव्हेत. शिवाय, सडा विकला जातो तो नेहमीं वाडीच्या पोटासाठींच विकला जातो असें थोडेंच आहे? मला सांगावयास संकोच वाटतो, पण या मासिकाचे वाचक ज्या वर्गांतले, माझे पाहुणे ज्या वर्गांतले, मी ज्या वर्गांतला, तोच वर्ग आज सड्यांचें मोठें गिऱ्हाईक आहे. ‘सी व्ह्यू’ असलेला बंगला हवा, म्हणजे सड्याची कड हवी. कड सपाट करावयास यंत्र हवें. मग भोंवतीं कुंपण, आंत परदेशी गवताची हिरवळ, आणि तिला पाजावयास खोल विंधणविहीर. जेथें आपोआप पन्नास तऱ्हेचीं फुलें येत होतीं तेथें आपण पाणी घालून एकाच तऱ्हेचें गवत वाढवितों, वर्षांतून आठ दिवस येऊन व्हरांड्यांत बसतों, आणि निसर्गाच्या सान्निध्यांत राहिल्याचें समाधान घेऊन परत जातों. गिऱ्हाईकाच्या दाराशीं जातांना दलालाला वाडींतल्या माणसाच्या दारिद्र्याची आठवण येत नाहीं. ती फक्त माझ्यासारख्यानें कांहीं लिहिलें म्हणजे येते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. ‘तुम्ही सड्याची कीर्ति गात आहांत, उद्यां लोक तेथें गाड्या घेऊन जातील, फुलें तुडवितील, चित्रांवर नांवें कोरतील. तुमच्या मौनानेंच तो वांचला होता.’ कासला हें थोडेंफार घडलें. तेथें रोजच्या प्रेक्षकांची संख्या ठरवावी लागली, तिकिटें लावावीं लागलीं, आणि भोंवतीं घातलेलें तारेचें कुंपण पुढें काढावें लागलें. कारण गुरें चरावयाचीं थांबलीं कीं उंच गवत माजतें आणि ठेंगणीं फुलें त्याखालीं गुदमरतात, असें जाणकारांचें म्हणणें पडलें. त्यांतून मी एवढेंच शिकलों कीं सडा हें कांचेच्या कपाटांत ठेवावयाचें चित्र नव्हे. गुरें, गवत कापणारीं माणसें, आणि पाऊस, हे सगळे मिळून तो सडा होतो. मौनानें तो वांचला असें मात्र मला वाटत नाहीं. मौनाच्या काळांतच त्याचे तुकडे पडले.

पाहण्याची निराळी रीत असूं शकते हें आमच्याच जिल्ह्यानें दाखविलें आहे. मंडणगड तालुक्यांतलें वेळास, नाना फडणिसांचें गांव, तेथें चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ पासून समुद्री कासवांचीं घरटीं राखण्याचें काम गांवकऱ्यांच्या जोडीनें चालविलें. पिल्लें अंड्यांतून बाहेर पडण्याच्या दिवसांत लोक तेथें जातात, गांवांतल्या घरींच उतरतात, घरचें जेवतात, आणि सकाळसंध्याकाळ वाळूवर वाट पाहत उभे राहतात. कधीं वीस पिल्लें निघतात, कधीं एकहि नाहीं. एकहि न निघाल्याबद्दल कोणी पैसे परत मागत नाहीं. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ सालीं गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना सांपडली. सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून ती आली. किनाऱ्यावर ‘समुद्र पाहावयास’ उभे असलेल्यांपैकीं किती जणांना असा समुद्र दिसतो? आणि उक्षीच्या गांवकऱ्यांनीं आपल्या सड्यावरच्या हत्तीभोंवतीं पुढाकार घेऊन दगडी कठडा बांधला, तो जांभ्याचाच. त्यांना कोणी सौंदर्यदृष्टि शिकविली नव्हती. ‘हें आपलें आहे’ एवढें त्यांना कळलें, आणि तें पुरेसें झालें.

तेव्हां पर्यटनाचीं पत्रकें छापणारांपाशीं माझें मागणें थोडें आहे. सड्यावर पॉइंट करूं नका. कठडे, रंगीत अक्षरें, लाल गालिचे नकोत. ज्या वाडीचा सडा आहे तिच्यांतलाच एखादा गुराखी वाटाड्या म्हणून नेमा, त्याला त्याचे पैसे द्या, आणि एका वेळीं दहापेक्षां अधिक माणसें सोडूं नका. मे महिन्यांत येणाराला तर स्पष्ट सांगा कीं श्रावणांत या. आणि सातबाराच्या त्या रकान्याला दुसरें नांव शोधा; इतके पंडित सरकारदरबारीं आहेत, एक शब्द त्यांना सांपडूं नये काय?

त्या पुण्याच्या मित्रांना मीं पुढें पत्र लिहिलें, आणि गाडींत गप्प बसल्याबद्दल माफी मागितली. दुसऱ्या वर्षीं तीं ऑगस्टांत आलीं. योगायोगानें गाडीवालाहि तोच होता. चढण संपल्यावर मीं त्याला थांबावयास सांगितलें, तेव्हां तो माझ्याकडे संशयानें पाहूं लागला. आम्ही उतरलों. पाऊस नुकताच उघडला होता. सीतेचीं आसवें नुकतीं कोठें फुलूं लागलीं होतीं, आणि एका खळग्याच्या कडेला दवबिंदूंचीं तांबूस रोपें चमकत होतीं. मुलगा प्रथम उकिडवा बसला, मग सरळ पोटावर आडवा झाला. एका पानावर एक चिलट धडपडत होतें. गाडीवाला बिडी विझवून त्याच्या शेजारीं येऊन वांकला. “हें आमच्या सड्यावर पण असतं,” तो म्हणाला, “गुरं घेऊन जायचो तेव्हां रोज बघायचो. त्याला नांव असतं होय?” मीं नांव सांगितलें. मग थोड्या वेळानें, आपल्याशींच बोलावें तसें तो म्हणाला, “तिथं कातळावर एक मोठा मासा पण काढलेला आहे.”

कोठें, म्हणून आम्ही दोघांनीं एकदम विचारलें. त्यानें पूर्वेकडे हात केला. जयगडचा चौकोन त्या दिवशीं कोराच राहिला.